टीबीची नवी लस: शंभर वर्षं झाली तरी आपण बीसीजीवरच का अडकलोय?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. प्रश्न एकात तीनचार आहेत पण वेगवेगळे विचारले तर धागा सुटेल म्हणून एकदमच लिहिते. माझ्या धाकट्या भावाला फुफ्फुसाचा टीबी झाला होता, औषधं पूर्ण घेतली, आता ठणठणीत आहे. पण त्या सगळ्या काळात माझ्या डोक्यात एकच चालू होतं की याला जन्मल्यावर बीसीजी दिलीये, दंडावर व्रणसुद्धा आहे, मग झालाच कसा? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले बीसीजी मोठ्या माणसांना फारशी वाचवत नाही. तेव्हापासून जमेल तसं वाचतेय आणि जेवढं वाचावं तेवढे प्रश्न वाढतायत.

पहिला म्हणजे ही लस १९२१ पासून वापरात आहे आणि त्यानंतर टीबीची एकही नवी लस सर्रास वापरात आलेली नाही, हे खरंय का? करोनाची लस वर्षभरात आली, मग इथे शंभर वर्षं का लागावीत? फक्त पैशाचा प्रश्न आहे का, कारण हा गरिबांचा आजार आहे म्हणून कुणाला पडलेली नाही, असं मला मनापासून वाटतं आणि त्याचा रागही येतो. दुसरं, एम७२ नावाच्या लसीबद्दल वाचलं की ती ५० टक्के परिणामकारक आहे आणि सगळे त्याने खूष आहेत. ५० टक्के म्हणजे निम्म्या लोकांना टीबी होणारच ना? त्यात खूष होण्यासारखं काय आहे? आणि ती लस ज्यांच्या शरीरात आधीच टीबीचे जंतू आहेत अशांना दिली होती म्हणे, हे तर मला अजिबातच कळलं नाही, जंतू शिरल्यावर लस देऊन काय उपयोग?

आणि शेवटचं, लस घेतल्यावर ती आपल्यात लागू पडली की नाही हे सांगणारी रक्ताची एखादी टेस्ट असते का, जशी कावीळ बी च्या लसीनंतर अँटीबॉडी बघतात तशी? कुणाला नीट माहिती असेल तर सविस्तर लिहा प्लीज, लांब झालं तरी चालेल, मी सगळं वाचते.

---

पेशीवेडा

ताई, भावाने औषधं मध्येच सोडली नाहीत हे फार चांगलं झालं. मी इम्युनॉलॉजीच्या (रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाच्या) लॅबमध्ये काम करतो, टीबी हाच विषय आहे. तुम्ही जो प्रश्न सगळ्यात शेवटी विचारलाय ना, टेस्टचा, खरंतर बाकी सगळ्या प्रश्नांचं उत्तर तिथेच दडलंय, म्हणून त्याच्याकडे जरा फिरून येतो.

आधी बीसीजी. काल्मेट आणि गेरँ या दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी १९०८ ला लील शहरातल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गुरांच्या टीबीचा जंतू घेतला आणि तो ग्लिसरीन आणि पित्त घातलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवायला सुरुवात केली, दर तीन आठवड्यांनी नव्या कापावर, असं १३ वर्षं आणि २३० वेळा. मधे पहिलं महायुद्ध झालं, शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, तरी त्यांनी ते थांबवलं नाही. हळूहळू जंतूची आजार करण्याची ताकद गेली आणि १९२१ मध्ये पॅरिसला पहिल्यांदा एका बाळाला ती लस दिली. जंतूची ताकद नेमकी कशामुळे गेली हे त्यांना कळायला मार्गच नव्हता. ते कितीतरी दशकांनी जीन वाचता यायला लागल्यावर समजलं, की आरडी१ नावाचा डीएनएचा एक तुकडाच त्यातून गळून पडलाय, आणि नेमका तोच तुकडा जंतूला आपल्या पेशींच्या आत धुडगूस घालायला लागतो.

आता ही लस वाईट आहे का, तर मुळीच नाही, हे मी ठासून सांगेन कारण "बीसीजीचा काही उपयोग नाही" असं सर्रास बोललं जातं आणि ते धोक्याचं आहे. लहान बाळांना मेंदूच्या आवरणाचा टीबी होतो आणि मिलिअरी टीबी म्हणजे अंगभर पसरणारा, हे दोन्ही जीवघेणे प्रकार आहेत आणि त्यांच्यापासून बीसीजी चांगलं संरक्षण देते. बाळांना ती द्यायलाच हवी. गडबड होते ती मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीत. ब्रिटनमध्ये १९५० च्या सुमारास शाळा सोडणाऱ्या मुलांवर मोठी ट्रायल झाली त्यात जवळजवळ ८० टक्के संरक्षण दिसलं, आणि १९६८ ला तमिळनाडूत चेंगलपट्टूला अडीच लाखाहून जास्त लोकांवर जी सुरू झाली त्यात मोठ्यांच्या फुफ्फुसाच्या टीबीवर संरक्षण शून्य. लस तीच, निकाल दोन टोकांचे. कारणांवर अजून वाद आहेत पण एक बऱ्यापैकी मान्य असलेलं कारण असं की उष्ण प्रदेशात माती आणि पाण्यात टीबीचे निरुपद्रवी भाऊबंद जंतू असतात, त्यांच्याशी शरीराची आधीच ओळख झालेली असते आणि मग बीसीजी देऊन त्याच्यावर नवीन काही फारसं उभं राहत नाही. आणि पसरतो कुणामुळे, तर खोकणाऱ्या मोठ्या माणसांमुळे. म्हणून बाळं वाचतात पण साखळी तुटत नाही. तुमच्या भावाचं तेच झालं असणार.

आता करोनाशी तुलना. करोनाच्या विषाणूवर एक स्पाइक प्रथिन, त्याला चिकटणाऱ्या अँटीबॉडी तयार झाल्या की विषाणूला पेशीत शिरताच येत नाही, आणि बहुतेक माणसं लस नसतानाही स्वतःहून बरी होत होती म्हणजे शरीराला ते जमतं हे माहीत होतं. टीबीचा जंतू उलटा आहे. त्याला गिळायला जी पेशी येते, मॅक्रोफेज, तो तिच्याच पोटात जाऊन राहतो. बाहेर फिरणाऱ्या अँटीबॉडीच्या तावडीत तो सापडतच नाही. मेणचट जाड भिंत आहे, एकाचे दोन व्हायला त्याला जवळजवळ २० तास लागतात, आणि शरीराने त्याच्याभोवती पेशींची गाठ बांधून त्याला कोंडलं तरी तो आत वर्षानुवर्षं गप्प पडून राहू शकतो. त्याच्याशी लढायला टी पेशी, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींचा एक प्रकार, लागतात, त्या मॅक्रोफेजला चेतवतात. त्यातही कुठल्या टी पेशी, किती, फुफ्फुसात नेमक्या कुठे, हे अजून पक्कं कळलेलं नाही. सुमारे ४,००० जीन आहेत या जंतूला, त्यातलं कुठलं प्रथिन दाखवलं की शरीर नीट शिकेल हे निवडणं हेच मोठं काम.

आणि आता तुमची टेस्ट. नाही, अशी टेस्ट नाही. काविळीच्या लसीनंतर रक्तात अमुक इतक्या अँटीबॉडी आल्या म्हणजे माणूस सुरक्षित असं छातीठोक सांगता येतं, टीबीत तसा एकही आकडा कुणाकडे नाही. एमव्हीए८५ए नावाची ऑक्सफर्डची लस होती, तिने प्राण्यांत आणि माणसांत टी पेशी मस्त वाढवल्या, त्या पेशी सोडतात ते इंटरफेरॉन गॅमा नावाचं द्रव्य व्यवस्थित दिसत होतं, आम्ही जे जे मोजतो ते सगळं चांगलं. मग दक्षिण आफ्रिकेत २,७९७ बाळांवर ट्रायल झाली, निकाल २०१३ ला आला, परिणाम १७ टक्के, तोही इतका क्षीण की नसल्यात जमा. सुरक्षित होती, पण चालली नाही. त्यातून इतकंच कळलं की आम्ही चुकीची गोष्ट मोजत होतो. आणि बरोबर गोष्ट कुठली हे न कळल्यामुळे प्रत्येक नव्या लसीला एकच रस्ता उरतो, हजारो लोकांना द्या आणि कोण आजारी पडतं ते वर्षानुवर्षं बघत बसा. माझ्या मते उशिराचं मूळ हे आहे. पैसा आहेच, पण पैसा ओतूनही हे वाट बघणं टळत नाही.

---

आकडेमोड

पेशीवेडा यांनी शेवटी जिथे आणून सोडलंय तिथून पुढे मी घेतो कारण माझं काम क्लिनिकल ट्रायलच्या डेटाचं आहे, लसीचं जीवशास्त्र त्यांना जास्त कळतं पण वाट बघण्याचं गणित रोज माझ्या टेबलावर असतं.

ताई, आधी "जंतू शिरल्यावर लस कशाला" हे घेऊ. जगातल्या अंदाजे पाव लोकांच्या शरीरात टीबीचा जंतू कधीतरी शिरलेला आहे. त्यातले बहुतेक जन्मभर आजारीच पडत नाहीत, ५ ते १० टक्के लोक कधीतरी पडतात. मग जिथे टीबी भरपूर आहे तिथे फक्त "कोरी" माणसं शोधून लस द्यायची म्हटलं तर कितीतरी मोठी माणसं त्यातून आधीच बाहेर गेली, आणि उद्या आजारी पडून खोकून पसरवणारी तर हीच आहेत. म्हणून एम७२ चा हेतू संसर्ग थांबवणं हा नाहीच, संसर्गाचा आजार होऊ न देणं हा आहे. आत जे कोंडलेलं आहे ते कोंडलेलंच राहावं.

आता ५० टक्के. एम७२ ची ही दुसऱ्या टप्प्याची ट्रायल केनिया, दक्षिण आफ्रिका आणि झांबियात झाली, १८ ते ५० वयाचे साडेतीन हजार लोक, सगळे संसर्ग असलेले पण आजारी नसलेले आणि एचआयव्ही नसलेले. निम्म्यांना लसीचे दोन डोस महिन्याच्या अंतराने, निम्म्यांना नुसतं प्लासिबो, म्हणजे लस नसलेलं इंजेक्शन. तीन वर्षं पाठपुरावा. अंतिम निकाल २०१९ ला छापून आला, लसवाल्या गटात १३ जणांना फुफ्फुसाचा टीबी, प्लासिबोवाल्या गटात २६. म्हणजे जवळपास निम्मे, गणिताने ४९.७ टक्के. तर "निम्म्या लोकांना टीबी होणारच" असं नाहीये हे. लस न घेणाऱ्या सोळाशे साठ लोकांतसुद्धा तीन वर्षांत २६ जणच आजारी पडले, लस घेतलेल्यांत त्याच्या निम्मे. बाकी दोन्हीकडचे हजारो लोक ठीकच होते.

आणि इथेच वाट बघण्याची गोची दिसते बघा. साडेतीन हजार माणसं, तीन वर्षं, एवढे दवाखाने, एवढे लोक राबले आणि हातात आकडे आले १३ आणि २६. इतक्या छोट्या आकड्यांवर उत्तर बांधलं की ते डगमगतं. त्या ४९.७ च्या आजूबाजूची ९५ टक्के विश्वासमर्यादा जी आहे ती २ पासून ७४ पर्यंत पसरलेली आहे. म्हणजे खरा परिणाम ७० असू शकतो आणि अगदीच थोडासाही असू शकतो. बातम्यांमध्ये ५० एवढंच येतं, ही पसर कुणी छापत नाही आणि मला ते खटकतं कारण लोकांनी एवढा विश्वास टाकलाय तर त्यांना पूर्ण चित्र कळायला हवं. तरी खूष का, तर मोठ्या माणसांत फुफ्फुसाच्या टीबीविरुद्ध एखाद्या नव्या लसीने इतका स्पष्ट इशारा देणं हे कित्येक दशकांत पहिल्यांदा घडलं.

आता तिसरा टप्पा चालू आहे, मार्च २०२४ ला दक्षिण आफ्रिकेत सुरू झाला, नंतर केनिया, झांबिया, मलावी आणि इंडोनेशिया, मिळून सुमारे २०,००० लोक. पैसा गेट्स फाउंडेशन आणि वेलकम या ब्रिटिश संस्थेचा, ५५ कोटी डॉलरच्या आसपास. आणि हो, तुमचा राग अनाठायी नाही. दुसऱ्या टप्प्याचा निकाल २०१९ ला हातात होता आणि पुढचा टप्पा सुरू व्हायला २०२४ उजाडलं. लस बनवणाऱ्या जीएसके कंपनीने ती २०२० मध्ये गेट्सच्या संशोधन संस्थेकडे सोपवली, मग उत्पादन, तयारी, निधी... या पाच वर्षांत जंतूने काही सुट्टी घेतली नव्हती. जीवशास्त्र अवघड आहे म्हणून लागलेला वेळ वेगळा आणि पैशाअभावी गेलेला वेळ वेगळा, दोन्ही आहेत.

---

निळीशाई

मी संशोधक नाही, टीबीच्या पेशंटच्या घरी जाऊन गोळ्या घेतायत की नाही ते बघणं, घरच्यांची तपासणी करवून आणणं हे माझं काम आहे. वरचं सगळं वाचलं, खूप शिकायला मिळालं, पण एक मुद्दा कुणीच घेतला नाही म्हणून लिहितेय.

झारखंडमध्ये रेशन्स नावाची ट्रायल झाली, २०२३ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. २,८०० पेशंटच्या घरातल्या दहा हजाराहून जास्त लोकांवर. काही घरांना दर महिन्याला माणशी तांदूळ, तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या, बाकीच्या घरांत फक्त पेशंटला धान्य दिलं. ज्या घरांत सगळ्यांना मिळालं तिथे नवीन टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, आणि थुंकी वगैरे तपासून पक्का ठरलेला टीबी धरला तर ४८ टक्क्यांनी. ४८! म्हणजे ज्या ५० टक्क्यांसाठी एवढे कोट्यवधी डॉलर आणि एवढी वर्षं चाललीयेत तेवढंच काम डाळ तांदळाने केलं, आणि त्याला शीतपेटी लागत नाही, सुई लागत नाही, पेटंट लागत नाही.

मी लसीच्या विरोधात नाहीये, गैरसमज नको. पण मला रोज जे दिसतं ते असं की तपासणीचं यंत्र असतं पण कार्ट्रिज संपलेले असतात, एकाला आजार झाला की घरातल्या बाकीच्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळायला हव्यात त्या वेळेवर पोचत नाहीत, माणूस कामावर गेला नाही तर चूल पेटत नाही म्हणून तो खोकत कामावर जातो. लस येईल तेव्हा येईल. ती आली तरी याच मोडक्या रस्त्याने घरापर्यंत पोचणार आहे ना? नवीन लस येतेय येतेय असं म्हणत बसून जे आज हातात आहे त्याकडे दुर्लक्ष होतं याचा मला फार त्रास होतो.

---

पहाटवारा

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट कुणी सांगितलं नव्हतं. १३ आणि २६ वाचून मी थोडा वेळ गप्पच झाले. निळीशाई ताई तुमचं वाचून तर अजूनच, कारण आमच्याकडे भाऊ आजारी पडला तेव्हा बाकीच्यांनी प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या असतात हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

अजून दोन शंका. बीसीजीचं संरक्षण वयाबरोबर कमी होत असेल तर मोठेपणी परत बीसीजी दिली तर? एक नातेवाईक म्हणतायत की आपण सगळ्यांनी परत टोचून घेऊया. आणि भाचीच्या दंडावर बीसीजीचा व्रणच उठला नाही, तर तिला परत द्यायची का? आणि एम७२ सोडून दुसऱ्या कुठल्या लसी रांगेत आहेत की सगळं एकाच घोड्यावर लावलंय?

---

फुफ्फुसवैद्य

व्रणाचं आणि परत टोचण्याचं मी सांगतो, घाईत आहे म्हणून थोडक्यात. व्रण उठला नाही म्हणजे लस लागली नाही असं नसतं. जागतिक आरोग्य संघटना व्रण नाही म्हणून परत बीसीजी द्यायला सांगत नाही. भाचीला परत द्यायची गरज नाही. मोठ्यांनी आपल्या मनाने बीसीजी घेऊ नये, ही जिवंत जंतूची लस आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती खूप खालावलेली आहे त्यांना तिचाच संसर्ग होऊ शकतो.

त्यापेक्षा घरात फुफ्फुसाचा टीबी झाला होता तर बाकीच्यांची एकदा नीट तपासणी करून घ्या, अजून केली नसेल तर. आजार नाही याची खात्री झाल्यावर प्रतिबंधक औषध द्यायचं का ते डॉक्टर ठरवतील. आता आयसोनियाझिड आणि रिफापेंटिनचा आठवड्यातून एकदा असा १२ आठवड्यांचा कोर्स असतो, पूर्वीसारखं महिनोन्महिने रोज घ्यायची गरज नाही. भावाला सांगा, एकदा झालेल्याला परत होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, दोन आठवड्यांवर खोकला, ताप, वजन उतरणं असं काहीही दिसलं तर थुंकी तपासायला लगेच जायचं, वाट बघायची नाही.

---

पेशीवेडा

डॉक्टरांनी व्यवहाराचं सांगितलंच. परत बीसीजी देण्यामागचं शास्त्र मी सांगतो कारण ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ब्राझीलमध्ये शाळकरी मुलांना दुसऱ्यांदा बीसीजी देऊन बघितली होती, फायदा दिसला नाही. मग दक्षिण आफ्रिकेत २०१८ ला एका छोट्या ट्रायलमध्ये किशोरवयीन मुलांना परत बीसीजी दिली तर टिकून राहणारा संसर्ग ४५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला आणि आमच्या क्षेत्रात एकदम उत्साह पसरला. म्हणून त्याच प्रश्नावर मुद्दाम मोठी ट्रायल केली, अठराशेवर मुलं, आणि २०२५ ला निकाल आला की संरक्षण नाही. त्यामुळे नातेवाइकांना प्रेमाने सांगा, नको. आणि आकडेमोड म्हणाले ना की छोट्या आकड्यांवरची उत्तरं डगमगतात, त्याचं याहून चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही. म्हणूनच एम७२ च्या ५० टक्क्यांवर २०,००० लोकांचा शिक्का बसल्याशिवाय मी स्वतः काही बोलणार नाही.

रांगेत बऱ्याच आहेत. मला सगळ्यात जास्त ओढ वाटते ती एमटीबीव्हॅकची. स्पेनमधल्या झारागोझा विद्यापीठात कार्लोस मार्तिन यांच्या गटाने केलीये. बीसीजी गुरांच्या जंतूपासून बनलीये, ही थेट माणसाच्या टीबीच्या जंतूपासून, त्यातले फॉपी आणि फॅडडी२६ हे दोन जीन मुद्दाम काढून त्याला लुळं केलंय. म्हणजे काल्मेट आणि गेरँना जे न कळता मिळालं ते इथे समजून उमजून केलंय, आणि बीसीजीतून गळालेली बरीच प्रथिनं हिच्यात शाबूत आहेत, त्यामुळे शरीराला खऱ्या शत्रूचं जास्त पूर्ण चित्र दिसतं. नवजात बाळांवर तिसऱ्या टप्प्यात आहे, दक्षिण आफ्रिका, मादागास्कर आणि सेनेगलमध्ये, आणि मोठ्यांवरही वेगळी ट्रायल सुरू आहे. बर्लिनच्या माक्स प्लांक संस्थेत बीसीजीच सुधारून बनवलेली व्हीपीएम१००२ आहे, ती सीरम इन्स्टिट्यूटने पुढे नेली आणि ती आणि इम्युव्हॅक या दोन्हींची आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पेशंटच्या घरातल्या १२,००० लोकांवर ट्रायल केली. बायोएनटेकची एमआरएनए लस अजून अगदी सुरुवातीला आहे. सगळ्याच यशस्वी होणार नाहीत हे धरून चाला. एच५६ नावाची लस बरे झालेल्या पेशंटना परत टीबी होऊ नये म्हणून दिली होती, तुमच्या भावासारख्यांसाठीच म्हणा ना, तिचा उपयोग झाला नाही आणि मला त्याचं फार वाईट वाटलं.

आणि एक निकाल आहे ज्याने माझी झोप उडवली होती. जानेवारी २०२० मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात आला. माकडांना बीसीजी कातडीत न देता थेट शिरेतून दिली, भरपूर मोठा डोस. मग टीबीचा जंतू फुफ्फुसात सोडला. दहापैकी नऊ माकडं वाचली, त्यातल्या सहांमध्ये तर शोधूनही जंतू सापडला नाही. तीच शंभर वर्षांची जुनी बीसीजी! म्हणजे शरीराला हे जमतं, फुफ्फुसात योग्य जागी पुरेशा टी पेशी असल्या तर जमतं. कोट्यवधी लोकांना जिवंत जंतू शिरेतून देणं व्यवहारात शक्य नाही, पण त्या माकडांच्या रक्तात आणि फुफ्फुसात नेमकं काय वेगळं होतं हे शोधून काढलं तर कदाचित ताईंनी विचारलेली ती टेस्ट त्यातूनच निघेल.

मलेरियात एक सोय आहे जी आम्हाला नाही. तिथे तयार असलेल्या स्वयंसेवकाला लस देऊन मुद्दाम मलेरियाचा संसर्ग करतात, रक्तात मलेरियाचे जंतू दिसले की लगेच औषध देतात, काही आठवड्यांत लस चालते की नाही कळतं. टीबीत निरोगी माणसाला मुद्दाम जंतू देणं हे पापच होईल, कारण तो कधी उठेल सांगता येत नाही आणि औषधं महिनोन्महिने. म्हणून ती टेस्ट सापडणं इतकं महत्त्वाचं आहे.

---

आकडेमोड

निळीशाई ताई, तुमच्या मुद्द्याला कुणी उत्तर दिलं नाही ते बरोबर वाटलं नाही म्हणून लिहितो. रेशन्सचे आकडे तुम्ही बरोबर दिलेत आणि ती ट्रायल किती दणकट आहे हे मला माहीत आहे. माझं म्हणणं फक्त एवढंच की ४८ आणि ५० समोरासमोर ठेवून एकाला निवडता येत नाही. रेशन्समध्ये घरात पेशंट सापडला की त्या घराला धान्य गेलं, म्हणजे सुरुवात पेशंट सापडण्यापासून होते. पण कितीतरी लोकांना लागण कुठून झाली ते कधी कळतच नाही, बसमध्ये, कामावर, कुठेही. त्यांच्यापर्यंत पोचायला लस लागते. आणि उपाशी शरीरात टी पेशी नीट काम करत नाहीत, त्यामुळे ज्या घरात जेवणाची भ्रांत आहे तिथे लसही कितपत चालेल हा प्रश्नच आहे. माझ्या डोक्यात तरी दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ ला हिशोब मांडला होता की मोठ्यांमध्ये ५० टक्के परिणाम असलेली लस २५ वर्षांत जास्तीत जास्त ७ कोटी ६० लाख लोकांना टीबी होण्यापासून आणि ८५ लाख लोकांना मरणापासून वाचवू शकते. मॉडेल आहे, मॉडेल चुकू शकतं. पण २०२३ या एका वर्षात टीबीने अंदाजे साडेबारा लाख लोक गेले, हे काही भविष्याचं मॉडेल नाही.

---

निळीशाई

पटलं. मग माझं एकच मागणं लिहून ठेवते, लस चालली असं उद्या जाहीर झालं तर ती किती बनणार, कुठे बनणार, किती किमतीला मिळणार हे आत्ताच ठरवायला हवं. एम७२ मध्ये जो एएस०१ घटक आहे, ज्याने लसीचा जोर वाढतो, त्यात चिलीतल्या एका झाडाच्या सालीतून काढलेलं द्रव्य असतं असं मी वाचलंय, पेशीवेडा दादा बरोबर असेल तर सांगा. तेच द्रव्य नागिणीच्या आणि मलेरियाच्या लसीत पण लागतं म्हणे. मग टीबीसाठी कोट्यवधी डोस लागले तर ते पुरणार कुठून? निकालाच्या दिवशी याचा विचार सुरू केला तर परत पाच वर्षं जातील, आणि त्या पाच वर्षांत मी ज्यांच्या घरी जाते त्यातले काही नसतील.

---

पेशीवेडा

अगदी बरोबर आहे, क्विलाया नावाचं झाड, द्रव्याचं नाव क्यूएस-२१. सालीवर अवलंबून राहायला लागू नये म्हणून ते यीस्टमध्ये बनवण्यात संशोधकांना यश आलंय, पण लॅबमध्ये जमणं आणि कारखान्यात टनावारी बनणं यात खूप अंतर आहे. तुमचा प्रश्न मी आमच्या ग्रुपच्या मीटिंगमध्ये मांडणार आहे, आमच्यात हा विषय फारसा निघत नाही.

---

पहाटवारा

निकाल साधारण कधीपर्यंत येईल?

---

आकडेमोड

पक्की तारीख सांगता येत नाही, आणि त्याचं कारण ट्रायलच्या रचनेतच आहे. निकाल "अमुक तारखेला मोजू" असा नसतो, ठराविक संख्येने लोक आजारी पडले की मग आकडे उघडतात. कुणी कुठला डोस घेतलाय हे तोपर्यंत ना भाग घेणाऱ्यांना माहीत ना डॉक्टरांना. तिथे टीबीचं प्रमाण अंदाजापेक्षा कमी निघालं तर निकाल लांबतो. लोक २०२८ च्या आसपास धरून चाललेत. भाग घेणारे लोक मधल्या काळात ठरल्याप्रमाणे येत राहतात, खोकला आला तर थुंकी देतात. अशा ट्रायलमध्ये रक्ताचे नमुने साठवून ठेवले जातात, आणि लस चालली तर कोण वाचलं, कोण नाही आणि त्यांच्या रक्तात काय फरक होता हे त्या नमुन्यांवरून शोधता येतं. तुमची टेस्ट सापडलीच तर बहुतेक तिथेच सापडेल ताई.